गाडी लागण्याची गोळी आणि तिच्यातली झोप

पोस्ट लांब आहे. पण सुट्ट्या लागल्यात, घाटातून गाड्या भरभरून चालल्यात, म्हणून आत्ताच लिहितोय.

आमच्या कोयना खोऱ्यातून खाली चिपळूणला उतरायचं म्हणजे कुंभार्ली घाट. या घाटात आजवर किती जणांना गाडी लागली असेल, मोजदाद नाही. उपायही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. खिडकीची सीट, तोंडात लवंग नाहीतर आवळासुपारी, आलेपाक, लिंबू हुंगणं, आणि काही घरांत तर पोटाशी वर्तमानपत्राची घडी धरणं. (वीस वर्षं पेपरात बातम्या लिहितोय, पण पेपरचा हा उपयोग लोकांना जास्त खात्रीचा वाटतो!) एवढं करून भागलं नाही की मग स्टँडसमोरच्या मेडिकलमधली ॲव्होमिन.

गोळी घेतली की उलटी थांबते आणि झोप येते, हे सगळ्यांना माहीत आहे. बहुतेकांना ही झोप म्हणजे औषधाची किरकोळ खोड वाटते. काहींना तर बोनस वाटतो. पोरगं झोपलं म्हणजे पोहोचेपर्यंत कटकट नाही.

मी या झोपेचा इतिहास वाचायला घेतला आणि एक गोष्ट लक्षात आली. गेली ऐंशीएक वर्षं मोठमोठ्या कंपन्या आणि शास्त्रज्ञ ही झोप गोळीतून वेगळी काढायच्या मागे आहेत. ती पूर्णपणे निघत नाही. का निघत नाही, आणि त्याचा आपल्या रस्त्यांशी आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी काय संबंध, हे सांगण्यासाठी ही पोस्ट.

आधी आजाराबद्दल. गाड्या येण्याआधी माणसाला 'बोट लागायची'. मुंबईहून आगबोटीने कोकणात येणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांचा हाच शब्द होता. इंग्रजीत मळमळीला जो 'नॉशिया' म्हणतात तोही मूळ ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज या शब्दावरून आलाय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांनाही बोट लागतच होती. पण हा त्रास पोटाचा की डोक्याचा, हे कळायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. १८८२ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनी शेकडो मूकबधिर लोकांची पाहणी केली. गोल गोल फिरवलं तरी त्यांतल्या बऱ्याच जणांना चक्करच येत नव्हती! कारण आतल्या कानात शरीराचा तोल सांभाळणारं जे यंत्र असतं, तेच त्यांचं निकामी होतं. कान सांगतो 'हलतोय', डोळे पुस्तकावर नाहीतर मोबाईलवर, ते सांगतात 'स्थिर आहोत'. मेंदूचा गोंधळ उडतो आणि शिक्षा होते पोटाला. म्हणजे औषध द्यायचं तर ते मेंदूपर्यंत पोचलं पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

या कामाचं पहिलं खरं औषध निघालं ते विषारी वनस्पतींतून. हायोसिन त्याचं नाव, स्कोपोलामिन असंही म्हणतात. १८८० च्या सुमारास जर्मनीत लाडेनबुर्ग या रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं. आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही ते असतं. धोतऱ्याची ओळख आपल्याकडे फार जुनी, आणि तीही प्रवासाशीच जोडलेली. इंग्रज अमदानीत वाटसरूला खाण्यातून धोत्रा घालून बेशुद्ध करायचं आणि लुटायचं, हे गुन्हे इतके चालत की कलकत्त्याच्या नॉर्मन शेव्हर्स या डॉक्टरने १८५६ च्या आपल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात त्यांची दखल घेतली. आता गंमत बघा. प्रवाशाला गुंगी आणणारी ही जी द्रव्यं, त्यांतलंच एक बेताच्या मात्रेत प्रवाशाची उलटी थांबवतं. उलटी थांबवणं आणि गुंगी आणणं एकाच पुडीत.

दुसऱ्या महायुद्धात याची परीक्षा झाली. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा किनारा. समुद्र खवळलेला, चपट्या तळाच्या होड्यांत हजारो सैनिक कोंबलेले. उलट्या करून गळून गेलेला सैनिक किनाऱ्यावर उतरून लढणार कसा, ही सेनापतींची चिंता. म्हणून गोळ्या वाटल्या. ब्रिटिशांची हायोसिनची. अमेरिकनांच्या गोळीत तेच औषध, जोडीला ॲट्रोपिन आणि वर बार्बिट्युरेट, म्हणजे सरळसरळ गुंगीचं औषध. विमानातून उड्या मारणाऱ्या अमेरिकन छत्रीधारी सैनिकांच्या आठवणींत या गोळ्यांचा उल्लेख येतो. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, विमानात, पोरं पेंगत होती. ज्यांनी सर्वांत जास्त सावध असायला हवं त्यांनाच पेंग आणणारी गोळी, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

पुढची गोष्ट ॲलर्जीच्या औषधांची. १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे आणि ॲन-मरी स्टाब यांनी हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाला अडवणारं पहिलं द्रव्य दाखवून दिलं. बोव्हे यांना १९५७ चं नोबेल मिळालं, त्यामागे हेही काम होतं. मग अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज रिव्हेशल यांनी डायफेनहायड्रामिन तयार केलं आणि १९४६ मध्ये ते बेनाड्रिल या नावाने बाजारात आलं. खोकल्याच्या बाटलीमुळे हे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. अंगावर उठलेलं पित्त, शिंका, खाज यावर औषध उत्तम. तक्रार एकच. झोप येते.

मग १९४७ उजाडलं. बाल्टिमोर शहर, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. अंगावर पित्त उठतं म्हणून आलेल्या एका बाईंना डॉक्टर लेस्ली गे आणि पॉल कार्लायनर यांनी सर्ल कंपनीचं एक नवं औषध दिलं. काही दिवसांनी बाई म्हणाल्या, पित्ताचं राहू द्या, मला ट्राममध्ये बसलं की नेहमी मळमळायचं, ते थांबलं! डॉक्टरांनी खात्री करायला गुपचूप नुसती साखरेसारखी निरुपद्रवी गोळी दिली, तर मळमळ परत आली. खरी गोळी दिली, पुन्हा गेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये 'जनरल बॅलू' या जहाजातून न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या १,३०० हून जास्त सैनिकांवर याची चाचणी झाली आणि औषध उतरलं खरं. नाव ड्रामामाइन. एका रुग्ण बाईने आपणहून सांगितलेल्या गोष्टीतून जगाला गाडी लागण्याची गोळी मिळाली. डॉक्टरांनी पेशंटचं ऐकून घ्यावं म्हणतात, ते उगाच नाही.

पण ड्रामामाइनमध्ये होतं काय? तेच, बेनाड्रिलवालं डायफेनहायड्रामिन. त्याला जोडलेलं दुसरं रसायन मात्र बघण्यासारखं आहे. ते कॅफिनच्या घराण्यातलं. हेतू असा की एकाने झोप येईल तर दुसऱ्याने जाग येईल. एका हाताने पाळणा हलवायचा आणि दुसऱ्या हाताने चिमटा काढायचा. पाळणाच जिंकला, माणसं पेंगतच राहिली. आपली ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझीन थिओक्लेट. यातल्या 'थिओक्लेट'मध्ये तेच कॅफिनच्या घराण्यातलं रसायन आहे. आणि ॲव्होमिन घेऊन झोप येते की नाही, ते तुम्हीच सांगा.

प्रोमेथाझीन फ्रान्सच्या रोन-पूलांक कंपनीचं, १९४० च्या दशकातलं. फेनर्गन म्हणून डॉक्टर लिहून देतात तेच. याच्या झोपेने तर इतिहासच घडवला. ऑन्री लाबोरी नावाच्या फ्रेंच नौदलाच्या सर्जनने ते ऑपरेशनच्या रुग्णांना दिलं. नुसती झोप नाही, रुग्ण कसे निवांत, बेफिकीर होतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना हाच गुण जास्त असलेलं औषध हवं होतं. कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी डिसेंबर १९५० मध्ये क्लोरप्रोमाझीन बनवलं आणि १९५२ पासून पॅरिसमध्ये ते मनोरुग्णांना देऊ लागले. वेड्यांच्या इस्पितळांतल्या साखळ्या आणि कोंडण्या सुटायला जे औषध मोठं कारण ठरलं, ते असं शिंका थांबवणाऱ्या औषधाच्या झोपेतून जन्मलं. चक्कर आली की आपल्याकडे सर्रास घेतात ती स्टेमेटिल, म्हणजे प्रोक्लोरपेराझीन, तीही याच घराण्यातली. चक्कर थांबवणारी गोळी आणि मनोविकाराचं औषध ही चुलत भावंडं आहेत, हे किती जणांना माहीत असतं?

आता मूळ प्रश्न. झोप वेगळी का निघत नाही?

कारण मेंदूत हिस्टामिनचं काम शिंका आणणं नाही, जागं ठेवणं हे आहे. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटा पुंजका दिवसभर हिस्टामिन सोडत असतो आणि आपण जागे राहतो. आतल्या कानाकडून येणारा 'हलतोय, हलतोय' हा निरोपही मेंदूत पुढे जातो तो काही अंशी हिस्टामिनच्याच मदतीने. गोळी मेंदूत शिरून हिस्टामिनला अडवते. निरोप अडतो, उलटी थांबते. त्याच फटक्यात जाग आणणारं कामही मंदावतं. दोन्ही पाणी एकाच चारीतून. एका वाफ्याचं बंद केलं की दुसऱ्याचंही बंद.

१९८० नंतर कंपन्यांनी मेंदूत फारशी न शिरणारी ॲलर्जीची औषधं काढली. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन वगैरे. सर्दी-शिंकांसाठी ती चांगलीच. झोप कमी, फेक्सोफेनाडिनने तर जवळपास नाहीच. मग तीच गाडी लागण्यावर का वापरू नयेत? २००३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत नेमकं हेच करून पाहिलं. दोन्ही औषधं मळमळ रोखायला नापास झाली. मेंदूत शिरलं नाही तर झोप नाही, पण गुणही नाही.

म्हणजे ही झोप कंपनीच्या हलगर्जीपणामुळे येत नाही आणि स्वस्त गोळी घेतली म्हणूनही येत नाही. ती औषधाच्या कामातच आहे. ती येणारच, असं धरूनच वागलं पाहिजे. आपण तिथेच चुकतो.

इथून पुढे आपल्या रस्त्यांचा विषय.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मोटार चालवण्याचा अनुभव हुबेहूब देणारं एक यंत्र आहे. २००० मध्ये तिथल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० माणसांना वेगवेगळ्या दिवशी दारू, ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन आणि नुसती खोटी गोळी देऊन गाडी चालवायला लावली. दारू इतकी की रक्तात १०० मिलिलीटरला साधारण १०० मिलिग्रॅम. निष्कर्ष असा की डायफेनहायड्रामिन घेतल्यावरचं ड्रायव्हिंग दारूपेक्षाही वाईट. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलात की तुम्ही गुन्हेगार. म्हणजे आपल्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त दारू प्यालेल्या माणसापेक्षाही ती एक मात्रा घेतलेला माणूस वाईट चालवत होता.

आणि त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याला किती झोप येतेय हे त्या लोकांनी स्वतः सांगितलं होतं. त्यावरून ते गाडी किती वाईट चालवतील याचा अंदाज बांधता येत नव्हता. 'मला काही झोपबिप येत नाही, मी एकदम ओके आहे' याला काही अर्थ नाही. पेंग कळते, मंदावलेला मेंदू कळत नाही.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरला कुठे गाडी लागते? बरोबर. स्टिअरिंगवर असलेल्याला वळण आधीच दिसत असतं, त्यामुळे त्याला सहसा लागत नाही. पण घाटातून एसटीने किंवा वडापने आलेला माणूस गोळी घेऊन उतरतो आणि स्टँडवर लावलेल्या मोटारसायकलला किक मारून आठ-दहा किलोमीटर वाडीवर जातो. सहलीला निघालेल्या गाडीत मागे बसून गोळी घेतलेला भाऊ पाटणच्या पुढे म्हणतो, "दादा, आता तू झोप, मी चालवतो." चक्करेच्या गोळ्या चालू असलेला माणूस ट्रॅक्टर चालवतो. सर्दीची गोळी नाहीतर खोकल्याचं औषध पिऊन ड्रायव्हर रात्रपाळीला बसतो, त्यातही बऱ्याचदा हीच जुनी औषधं असतात. आणि ॲव्होमिन तर अशी की लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री घेतली तरी दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते. उपयोगी पडते म्हणजे अंमल तेवढा वेळ राहतो, हे ओघानेच आलं.

नाकाबंदीत तोंडात नळी घालून फुंकायला लावतात, त्यात दारू सापडते. गोळी सापडत नाही. कलम १८५ मध्ये दारूबरोबर अमली द्रव्यांच्या अमलाखाली गाडी चालवणंही येतं, पण मेडिकलमधून घेतलेल्या साध्या गोळीचा विचार ना पोलीस करतात ना ड्रायव्हर. अपघाताच्या बातम्या मी इतकी वर्षं लिहितोय. 'चालकाला डुलकी लागल्याने' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल! ती डुलकी कशाने लागली, हा रकाना पंचनाम्यात मी कधी भरलेला पाहिला नाही.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. १९४५ च्या औषध नियमांत 'परिशिष्ट जी' म्हणून यादी आहे. त्यात प्रोमेथाझीन आणि डायफेनहायड्रामिनसकट या जुन्या औषधांची नावं आहेत. त्यांच्यावर इशारा छापायचा असतो, की वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. छापायचं ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि आपण घेतो पट्टीतून कापलेल्या दोन गोळ्या. इशारा राहतो दुकानदाराकडच्या उरलेल्या पट्टीवर! शिवाय त्या वाक्यात गाडीचा उल्लेखच नाही. फ्रान्समध्ये २००५ पासून अशा औषधांच्या खोक्यावर मोटारीचं चित्र असतं, पिवळं, नारिंगी किंवा लाल. धोका जेवढा तेवढा रंग. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळावं असं. एवढं करायला आपल्याला कोणतं मोठं तंत्रज्ञान हवंय?

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं. हा भाग कृपा करून सोडू नका.

आजीला चक्कर आली, डॉक्टरांनी आठवड्याची गोळी दिली, बरं वाटलं. मग तीच चिठ्ठी दाखवून, पुढे चिठ्ठीही न दाखवता, वर्ष-दोन वर्षं गोळी चालू. हे चित्र गावोगाव आहे. बेल्जियमच्या जान्सेन कंपनीने १९५५ मध्ये शोधलेली सिनारिझिन, म्हणजे आपली स्टुजेरॉन, आणि वर सांगितलेली स्टेमेटिल, या गोळ्या चक्करेच्या पहिल्या जोरात उपयोगी आहेत. पण वयस्कर माणसाने त्या महिनोन्‌महिने घेतल्या की काहींना हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं असा कंपवातासारखा त्रास होतो. सिनारिझिनबाबत १९८० च्या दशकापासून डॉक्टरांनी हे नोंदवून ठेवलंय. घरचे म्हणतात, वय झालं. वय झालंच असतं, पण कधी कधी गोळीही झालेली असते. शिवाय झोपाळलेला म्हातारा माणूस रात्री लघवीला उठतो आणि पडतो. खुबा मोडतो. चक्करेने पडू नये म्हणून दिलेल्या गोळीने पडतो.

दुसरं, तोल बिघडल्यावर मेंदू हळूहळू स्वतःच सावरायला शिकतो. त्यासाठी तो जागा आणि अंग हलतं असावं लागतं. १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी मान-डोळ्यांचे आणि चालण्याचे साधे व्यायाम ठरवले, ते आजही शिकवतात. सतत गुंगीची गोळी देऊन हे शिकणं आपण लांबवतो. कूस बदलली की गरगरतं, त्या चक्करेत तर आतल्या कानातले बारीक खडे जागा सोडून भलत्या नळीत गेलेले असतात. १९९२ मध्ये अमेरिकेच्या जॉन एपली यांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते खडे जागेवर आणायची पद्धत प्रसिद्ध केली. जाणकार डॉक्टरकडे दहा-पंधरा मिनिटांचं काम. गोळीने खडे हलत नाहीत, फक्त गरगरणं थोडं कमी जाणवतं.

आणि लहान मुलं. प्रवासात झोपावं म्हणून पोराला अर्धी गोळी देऊ नका. प्रोमेथाझीनने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेने २००४ मध्ये त्या वयासाठी ते देऊच नये असा ठळक इशारा छापायला लावला. मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गोळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ओकून ओकून गळालेल्या माणसाला तिचं मोल विचारा. गोळी घ्या, खुशाल झोपा, पण त्या दिवशी हातात स्टिअरिंग, हँडल किंवा चारा कापायचं यंत्र घेऊ नका. वर दारू तर नकोच. घरात कोणाला चक्करेची गोळी महिनाभराहून जास्त चालू असेल तर एकदम बंद न करता चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, 'ही अजून लागते का?'

आणि आपल्या तालुक्यातल्या मेडिकलवाल्या मित्रांना एक विनंती. दोन गोळ्या कापून देताना एवढंच विचारा, "गाडी कोण चालवणार आहे?" चार शब्द आहेत, पैसे पडत नाहीत. कोणी काउंटरवर मराठीत पाटी लावणार असेल तर मजकूर मी फुकट लिहून देतो. ज्यांनी लावली त्यांनी खाली कळवा.